एडिटर उघडा आहे, मग एजंटला सापडत का नाही?

प्रश्न असा आला आहे: डिचोलीत तिघांचा छोटा गेम-स्टुडिओ आहे. युनिटी आणि गोडो ही गेम बनवायची इंजिनं ते वापरतात, आणि एकाच संगणकावर युनिटीचे दोन प्रकल्प आणि गोडोचा एक, असे तीन एडिटर दिवसभर उघडे असतात. एआय एजंट टर्मिनलमधून चालतो. कधी त्याला एडिटर सापडतच नाही, कधी कोड बदलला की जोडणी तुटते, आणि एकदा तर त्याने भलत्याच प्रकल्पाच्या सीनमध्ये झाडं लावून ठेवली. पोर्ट क्रमांक (संगणकावरचा प्रोग्राम ज्या दारावर ऐकतो त्याचा आकडा) हाताने बदलले की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. हे कायमचं नीट कसं बसवायचं?

मी फोंड्याला राहून गेम एडिटरची साधनं लिहितो. या प्रश्नाने मलाही बरेच महिने छळलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी एक गोष्ट मनात पक्की करा: एडिटर न सापडणं हा लहान दोष आहे, चुकीचा एडिटर सापडणं हा मोठा. या दोन्हींत निवड करायची वेळ आली तर तुमच्या साधनाने "सापडला नाही" म्हणून थांबावं.

हा गुंता सुरू कुठे होतो ते बघू. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही एजंटने बाहेरच्या साधनांशी बोलायची ठरलेली रीत; अँथ्रोपिकने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. त्यात स्थानिक सर्व्हरची नेहमीची रीत अशी की एजंट स्वतःच सर्व्हरची प्रक्रिया सुरू करतो आणि तिच्या स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून तिच्याशी बोलतो. आपणच सुरू केलेली प्रक्रिया कुणाला शोधावी लागत नाही. गेम एडिटर मात्र एजंटने सुरू केलेला नसतो. तो सकाळी तुम्ही उघडलेला असतो, त्यात अर्धवट सीन असतो, सेव्ह न केलेले बदल असतात. म्हणून मधे पूल लागतो: एका टोकाला एजंटने सुरू केलेली छोटी प्रक्रिया, दुसऱ्या टोकाला एडिटरमधलं प्लगइन, आणि मधे सॉकेट, म्हणजे दोन प्रक्रियांमधली बोलायची तार. एजंटकडचं टोक आपोआप जुळतं. एडिटरकडचं टोक कुठे टेकवायचं हे पुलाला कुणी सांगितलेलंच नसतं.

बहुतेक प्लगइन इथे सोपी वाट धरतात आणि एक ठरावीक पोर्ट वापरतात. एडिटर एकच असेपर्यंत ते चालतं. दुसरा उघडला की तो पुढचा मोकळा पोर्ट घेतो, आणि मग कोण कुठे बसलाय हे त्या दिवशी एडिटर कोणत्या क्रमाने उघडले त्यावर ठरतं. तुमचं "दोन दिवस बरं" यातूनच आलेलं आहे. आपल्याकडे वाड्यावर कुणाचं घर शोधताना घर क्रमांक कुणी विचारत नाही. माणसाचं नाव, वाड्याचं नाव, फार तर कुणाच्या मांगराजवळ, एवढं विचारलं की पोचतो. एडिटरलाही तसंच शोधा. त्याची ओळख म्हणजे प्रकल्पाचा फोल्डर. पोर्ट त्या चौकशीनंतर कळायची गोष्ट.

हे काम इतरांनी आधीच चांगलं करून ठेवलं आहे. ब्राउझरमध्ये पायथन चालवायचं साधन आहे ज्युपिटर. त्याचा सर्व्हर सुरू झाला की आपल्या रनटाइम फोल्डरमध्ये एक जेसन फाइल लिहितो: प्रक्रिया क्रमांक, पोर्ट, टोकन (जोडणीसाठीचा गुप्त परवलीचा शब्द), मूळ फोल्डर. चालू सर्व्हरांची यादी मागितली की त्याच फाइली वाचल्या जातात, आणि ज्यांची प्रक्रिया संपली आहे त्या पुसल्या जातात. क्रोमला डीबगिंगसाठी पोर्ट शून्य सांगितला तर ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट देते, आणि क्रोम तो आपल्या डेटा फोल्डरमधल्या डेव्हटूल्सअ‍ॅक्टिव्हपोर्ट नावाच्या फाइलीत लिहून ठेवतो. युनिटीसुद्धा प्रकल्पाच्या लायब्ररी फोल्डरमध्ये एडिटरइन्स्टन्स डॉट जेसन लिहिते. त्यात प्रक्रिया क्रमांक आणि आवृत्ती असते. युनिटीचे डीबगर पोर्ट काढतात तो असा: प्रक्रिया क्रमांकाला हजाराने भागून उरलेली बाकी ५६००० मध्ये मिळवायची. युक्ती चलाख आहे, पण दोन प्रक्रियांची बाकी सारखी येऊ शकते. म्हणून नव्या कामासाठी मी ती घेत नाही. पोर्ट शून्य मागतो, मिळेल तो घेतो आणि लिहून ठेवतो.

लिहायचं कुठे? प्रकल्पाच्या आतच. युनिटीत लायब्ररी फोल्डर, गोडो ४ मध्ये डॉट-गोडो फोल्डर. दोन्ही एरवीही गिटच्या बाहेर ठेवतात. पूल ज्या फोल्डरमध्ये सुरू झाला तिथून एकेक पायरी वर चढत जातो, प्रकल्पाची खूण दिसली की थांबतो (गोडोसाठी प्रोजेक्ट डॉट गोडो, युनिटीसाठी असेट्स आणि प्रोजेक्टसेटिंग्ज हे दोन फोल्डर) आणि तिथली नोंद वाचतो. खिडकीवाल्या अ‍ॅपमधून चालणाऱ्या एजंटचा चालू फोल्डर भलताच असू शकतो. तेव्हा एमसीपीमधली रूट्सची सोय वापरा: कामाचे फोल्डर कोणते, हे सर्व्हर एजंटकडच्या बाजूला विचारू शकतो. शिवाय वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये सगळ्या एडिटरांची एक सामाईक यादी ठेवा, पण ती फक्त "आत्ता काय काय उघडं आहे" हे दाखवण्यापुरती. निवड प्रकल्पातल्या नोंदीवरूनच व्हावी.

नोंदीत काय असावं: प्रक्रिया क्रमांक, प्रक्रिया सुरू झाल्याची वेळ, पोर्ट, प्रकल्पाचा पूर्ण मार्ग, इंजिनाची आवृत्ती, प्लगइनची आवृत्ती, संगणकाचं नाव, टोकन आणि सध्याची स्थिती. आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि मग नाव बदला, म्हणजे अर्धी फाइल कुणाच्या वाचण्यात येणार नाही.

युनिटीत इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. असेट (चित्रं, आवाज, मॉडेल) आयात करायला युनिटी आपल्याच वेगळ्या कामगार प्रक्रिया सुरू करते, आणि तुमचा इनिशियलाइझऑनलोड कोड, म्हणजे एडिटर सुरू होताच आपोआप चालणारा कोड, त्यांच्यातही चालतो. कामगार प्रक्रियेने नोंद लिहिली तर खऱ्या एडिटरची नोंद पुसली जाते आणि एजंट अशा ठिकाणी जोडला जातो जिथे सीनच नाही. म्हणून पहिल्याच ओळीत तपासा: ही प्रक्रिया असेट इम्पोर्ट वर्कर, म्हणजे तीच कामगार प्रक्रिया, आहे का, बिनखिडकीचा बॅच मोड आहे का. असेल तर गुपचूप परत फिरा. "कधी सापडतच नाही" ही तुमची पहिली तक्रार बहुधा याच कारणाने आहे.

आता शिळ्या नोंदींकडे वळतो. जूनमध्ये पाऊस लागला की आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असते. एडिटर बंद होताना नोंद पुसायचा कोड कितीही नीट लिहिला तरी वीज गेल्यावर तो चालत नाही. तेव्हा नोंद असणं म्हणजे एडिटर असणं नव्हे. त्या क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे का बघा, आणि तेवढ्यावर थांबू नका: प्रक्रिया क्रमांक पुन्हा वापरले जातात, विंडोजवर तर फार लवकर. सुरू झाल्याची वेळही जुळली पाहिजे. काही जण दर दोन सेकंदांनी नोंदीची वेळ ताजी करतात आणि ती जुनी दिसली की एडिटर मेला असं धरतात. मोठं टेक्स्चर आयात होत असताना युनिटीचा मुख्य थ्रेड, म्हणजे कामाचा मुख्य धागा, मिनिटभर अडकू शकतो. जिवंत एडिटरला मेलेला ठरवून एजंट भलते उपाय करू लागतो. मी हा मार्ग सोडून दिला.

एवढं सगळं केलं होतं, तरी माझ्या हातून मोठं नुकसान झालं. आम्ही रायबंदर-चोडण फेरीबोटीवर एक छोटा गेम करत होतो. चवथीच्या आधी फोंड्यात मुलांची कार्यशाळा होती, म्हणून मी पूर्ण प्रकल्पाची प्रत काढली, लायब्ररी फोल्डरसकट, कारण सगळं पुन्हा आयात होण्यात तास गेला असता. प्रतीच्या फोल्डरमध्ये एजंट सुरू केला आणि सांगितलं, "धक्क्यावरचं सगळं काढून रिकामी पातळी कर." प्रतीचा एडिटर मी अजून उघडलाच नव्हता. मूळ प्रकल्प मात्र उघडा होता, त्यात माझ्या सहकारी ताईंनी सकाळपासून पहाटेच्या धुक्यातला प्रकाश बसवला होता. लायब्ररीबरोबर नोंदही प्रतीत आली होती. नोंद जिवंत प्रक्रियेची, वेळ जुळणारी, टोकन बरोबर. एजंटने मूळ सीन साफ केला आणि निष्ठेने सेव्हही केला. ताई काही बोलल्या नाहीत, रात्री बसून त्यांनी प्रकाश पुन्हा बसवला. ते मला आजही टोचतं.

तेव्हापासून माझ्या पुलात ओळख-तपासणीशिवाय एकही आज्ञा पुढे जात नाही. सॉकेट जुळल्याबरोबर पूल विचारतो, "आपण कोणत्या प्रकल्पाचे?" एडिटर स्वतःच्या डेटा-पाथवरून उत्तर देतो, फाइलीत काय लिहिलंय ते तो वाचत नाही. ते उत्तर आणि पूल ज्यासाठी उभा आहे तो फोल्डर, हे दोन्ही एक असतील तरच पुढे जायचं. पंचवीस-तीस ओळींचा कोड आहे. तुमची झाडं भलत्या प्रकल्पात गेली ती याने गेली नसती.

दोन फोल्डर "एक" आहेत हे ठरवताना मार्गाची अक्षरं जुळवू नका. विंडोजवर लहान-मोठी अक्षरं आणि तिरक्या रेघांची दिशा बदलते, मॅकवर टीएमपी फोल्डर खरा प्रायव्हेटच्या आत असतो, दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारे सिमलिंक असतात. आणि आपण मराठीत नावं देतो तेव्हा आणखी एक अडचण येते. समजा फोल्डरचं नाव "किनाऱ्यावरची फेरी" आहे. यातला ऱ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणून लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा सुटाही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे. एका साधनाने एक रूप दिलं आणि दुसऱ्याने दुसरं, की तुलना फसते. मार्गाचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) करून त्यावरून जोडणीच्या पाइपचं नाव ठरवलं असेल तर एडिटर कधीच सापडणार नाही, आणि कारण शोधताना माणूस वेडा होईल. ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारा, "हे दोन्ही एकच फोल्डर आहे का?" तिच्याकडे फोल्डरची आतली ओळख असते. पायथनमध्ये सेमफाइल नावाचं फंक्शन यासाठीच आहे.

तुमची दुसरी तक्रार, कोड बदलला की तुटणारी जोडणी. एजंट ज्या फांदीवर बसलेला असतो तीच तोडतो. त्याने सी-शार्प फाइल बदलली की युनिटी कंपाइल करते, मग डोमेन रीलोड होतं: सगळे स्थिर व्हेरिएबल, थ्रेड, सॉकेट जातात आणि प्लगइन नव्याने सुरू होतं. डोमेन रीलोडचं सेटिंग चालू असेल तर प्ले मोडमध्ये जातानाही हेच घडतं. याला दोष समजून लढू नका, हा एडिटरचा श्वास आहे असं धरा. रीलोड सुरू होण्याआधी युनिटी एक इव्हेंट देते. त्यात नोंदीची स्थिती "रीलोड चालू" अशी लिहा आणि सॉकेट स्वच्छ बंद करा. रीलोडनंतर नवा पोर्ट घ्या, नोंद पुन्हा लिहा. पुलाने जोडणी तुटली की जुन्या पोर्टवर डोकं आपटत न बसता नोंद पुन्हा वाचावी. स्थिती रीलोडची असेल आणि प्रक्रिया जिवंत असेल, तर थांबावं. एजंटला मधल्या काळात चूक कळवूच नये.

थांबणं सोपं आहे, अर्धवट राहिलेल्या आज्ञांचं काय करायचं ते अवघड. "नावाडी तयार कर" ही आज्ञा गेली, एडिटरने नावाडी केला, उत्तर यायच्या आत रीलोड झालं. पुलाने तीच आज्ञा पुन्हा पाठवली तर सीनमध्ये दोन नावाडी. म्हणून प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र क्रमांक द्या आणि पूर्ण झालेल्या आज्ञांचे क्रमांक व उत्तरं सेशनस्टेट या युनिटीच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवा. ती रीलोडमधून टिकते आणि एडिटर बंद झाल्यावर जाते, अगदी हवी तशी. क्रमांक ओळखीचा निघाला तर काम पुन्हा न करता जुनं उत्तर द्या. वाचणाऱ्या आज्ञा बिनधास्त पुन्हा पाठवा, बदल करणाऱ्या कधीच आंधळेपणाने पाठवू नका.

सॉकेट जुळलाय, पण उत्तर येत नाही, असंही होतं. एडिटरच्या बहुतेक गोष्टी मुख्य थ्रेडवरच कराव्या लागतात, आणि खिडकी मागे असताना एडिटर सुस्तावतो. गोडोत खिडकी समोर नसतानाच्या झोपेचं वेगळं सेटिंग आहे, ते कमी करता येतं. युनिटीत एखादा "सेव्ह करायचं का?" असा संवाद उघडा असेल तर मुख्य थ्रेड तुमच्या उत्तराची वाट बघत उभा असतो. सॉकेट ऐकणारा थ्रेड वेगळा ठेवा, म्हणजे तो निदान "मी जिवंत आहे, मुख्य थ्रेड चाळीस सेकंद अडकला आहे" एवढं तरी सांगू शकेल.

हे सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण चूक झाल्यावर आपण जो संदेश देतो त्यावरूनच एजंट पुढचं पाऊल ठरवतो. "जोडणी नाकारली" एवढंच दिलं तर तो कॉन्फिग बदलतो, प्रक्रिया मारतो, नाहीतर तोच प्रकल्प दुसऱ्या युनिटीत उघडायला जातो, जे युनिटी होऊ देत नाही. त्यापेक्षा अवस्था वेगळ्या करून सांगा. एडिटरइन्स्टन्सची फाइल आहे, प्रक्रिया जिवंत आहे, पण प्लगइनची नोंद नाही, याचा अर्थ एडिटर उघडा आहे आणि प्लगइन चाललेलं नाही. बहुतेकदा कंपाइलच्या चुका असताना प्रकल्प सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त चुका दुरुस्त करण्यापुरता, उघडलेला असतो. अशा वेळी एजंटला लिहून द्या: "एडिटर सेफ मोडमध्ये असण्याची शक्यता आहे, एडिटर लॉग वाच, कोडमधल्या चुका दुरुस्त कर, एडिटर बंद करू नकोस." एवढ्या वाक्याने माझ्याकडचे निम्मे गोंधळ मिटले.

गोडोचं तुलनेने सोपं आहे. एडिटर प्लगइन ट्रीमध्ये येताना नोंद लिहा, जाताना पुसा. त्याची आतली भाषा-सेवा ६००५ पोर्टवर, डीबग अ‍ॅडॉप्टर ६००६ वर आणि खेळाचा रिमोट डीबगर ६००७ वर असतो. तुमच्या प्लगइनसाठी त्यांच्या आसपासचे क्रमांक घेऊ नका. अनरियल हे तिसरं इंजिन तुम्ही वापरत नाही, पण त्याची रीत बघण्यासारखी आहे: पायथन रिमोट एक्झिक्यूशन चालू असेल तर २३९.०.०.१ या मल्टिकास्ट पत्त्यावर, ६७६६ पोर्टवर हाक मारता येते, आणि उघडे एडिटर प्रकल्पाचं नाव आणि फोल्डर सांगून ओ देतात. नोंदवहीशिवाय शोध.

विंडोजवर काही बारीकसारीक. पत्ता "लोकलहोस्ट" असा न लिहिता १२७.०.०.१ लिहा, नोडच्या (पूल ज्यात लिहिलेला असू शकतो त्या जावास्क्रिप्ट रनटाइमच्या) १७व्या आवृत्तीपासून लोकलहोस्टचा अर्थ आधी आयपीव्ही६चा पत्ता असा लागू शकतो, आणि प्लगइन तर आयपीव्ही४वर ऐकत असतं. हायपर-व्ही (विंडोजची आभासी संगणकांची सोय) पोर्टचे काही पट्टे राखून ठेवते, तिथे मोकळा दिसणारा पोर्टही मिळत नाही. पोर्ट शून्य मागण्याचं हेही एक कारण. पोर्ट पुनर्वापराचा पर्याय विंडोजवर लावू नका, दोन प्रक्रिया एकाच पोर्टवर बसू शकतात. एजंट डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) आणि एडिटर विंडोजवर असेल तर प्रक्रिया क्रमांक, मार्ग, लोकलहोस्ट, तिन्ही वेगळी जगं आहेत. शक्य असेल तर दोघांना एकाच बाजूला आणा.

सुरक्षेबद्दल मी हट्टी आहे. यातली बरीच प्लगइन एजंटने दिलेला कोड सरळ चालवतात. म्हणजे तो पोर्ट ज्याच्या हाती, संगणक त्याच्या हाती. सगळ्या नेटवर्कवर ऐकणारा सॉकेट घेऊन पणजीच्या कॅफेत बसू नका. आणि फक्त १२७.०.०.१ वर ऐकणंही पुरेसं नाही: ब्राउझरमधलं कुठलंही पान तुमच्या स्थानिक पोर्टवर वेबसॉकेट उघडायचा प्रयत्न करू शकतं, आणि प्रत्येक ब्राउझर त्याला आपणहून अडवेलच असं नाही. एमसीपीच्या नियमांतही एचटीटीपी सर्व्हरने ओरिजिन, म्हणजे विनंती कोणत्या संकेतस्थळावरून आली ते, तपासावा असं स्पष्ट म्हटलं आहे. ओरिजिन तपासा, प्रत्येक वेळी नवं टोकन तयार करा, आणि नोंदीची फाइल फक्त तुमच्या खात्यालाच वाचता येईल अशी ठेवा.

राहता राहिले तुमचे तीन एडिटर. एजंटला एक साधन द्या जे उघडे एडिटर दाखवेल: प्रकल्पाचं नाव, मार्ग, इंजिन, उघडा सीन, सेव्ह न झालेले बदल आहेत का. फोल्डर जुळणारा एकच असेल तर आपोआप जोडा. एकही जुळत नसेल तर "शेवटी वापरलेला" म्हणून कोणताही निवडू नका. माणसाला विचारायला सांगा. बदल करणाऱ्या प्रत्येक आज्ञेत एडिटरची ओळख उघडपणे पाठवायला लावा. एका एजंटने पोटएजंट सुरू केले की "सध्या निवडलेला एडिटर" ही आतली आठवण कुणाची हे कळेनासं होतं. आणि प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला प्रकल्पाचं नाव छापा, म्हणजे लांबलेल्या संभाषणातही एजंट आणि तुम्ही दोघंही आपण कुठे आहोत ते बघत राहाल.

आज एकच गोष्ट करणार असाल तर ओळख-तपासणी करा, नंतर वर्कर प्रक्रियेची तपासणी, मग रीलोड. झालं की एक प्रयोग करा: एका प्रकल्पाची लायब्ररीसकट प्रत काढा, फक्त मूळ एडिटर उघडा ठेवा, प्रतीच्या फोल्डरमध्ये एजंट सुरू करा आणि त्याला एखादी वस्तू पुसायला सांगा. त्याने "या प्रकल्पाचा एडिटर चालू नाही" असं म्हटलं पाहिजे.